काळजाला पडलेली घरे

मराठीत काळजाला घरे पडतात. जिव्हारी लागणारा शब्द कानी आला, पोटच्या मुलाचे हाल डोळ्यांदेखत पाहावे लागले, की आपण म्हणतो, काळजाला घरे पडली. हे घर राहण्याचे नव्हे. ते भोक, पोकळी. काळीज हा शब्दही मोठा फसवा. खाटकाच्या दुकानात कलेजी मागितली तर यकृत मिळते, आणि काळीज हा शब्द त्याच कुळातला. पण आपल्या बोलण्याने त्याला केव्हाच उचलून हृदयाच्या जागी बसवले आहे. हा वाक्प्रचार ज्यांच्या तोंडी रुळला, त्यांना काही मुले खरोखरीच हृदयाच्या पडद्यात भोक घेऊन जन्माला येतात हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या दृष्टीने घरे पडत ती आईच्या काळजाला. मुलाच्या काळजाचे काय झाले होते, हे पाहण्याचा मार्गच नव्हता.

असा मार्ग माणसाला सापडला त्याला आता शंभर वर्षे होत आली. हाताच्या, मांडीच्या किंवा नवजात बाळाच्या बाबतीत नाळेच्या शिरेतून एक बारीक नळी आत सरकवायची आणि रक्ताच्याच वाटेने तिला हृदयापर्यंत न्यायचे, हा तो मार्ग. वैद्यकात त्याला कार्डिअ‍ॅक कॅथेटरायझेशन म्हणतात. मराठीत 'काळजाला हात घालणे' असा आणखी एक वाक्प्रचार आहे. येथे तो शब्दशः खरा होतो. आम्ही साहित्याची माणसे. ह्या विषयात आम्ही का पडावे, असे कुणी विचारील. पण हा इतिहास सांगितला जातो तो एका कथेसारखा, त्यात नायक आहेत, साहस आहे, उशिरा मिळालेला सन्मान आहे. आणि कथा कशी सांगितली गेली, तिच्यातून कोण वगळले गेले, हे विचारणे हे तर आपले नेहमीचेच काम आहे. ही कथा आम्हांला बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील कडा ह्या गावी उभे राहून वाचावयाची आहे. तेथून ती निराळी दिसते.

०००

१९२९ हे वर्ष घेऊ. त्या वर्षी तीन ठिकाणी काय होते ते पाहण्यासारखे आहे.

बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातील रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर काम करीत होता. शिरेतून नळी हृदयात नेता येईल, तिच्यातून औषध थेट हृदयात सोडता येईल, अशी त्याची कल्पना होती. एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार, शोव्हो आणि मारे ह्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञांनी घोड्यांच्या हृदयात नळ्या घालून मोजमापे केलेली होती. जिवंत माणसाच्या बाबतीत मात्र हृदयाला स्पर्श म्हणजे मृत्यू अशीच समजूत होती. फोर्समानने स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेतून मूत्रमार्गासाठी वापरतात तसली रबरी नळी ६५ सेंटिमीटरपर्यंत आत सरकवली, तशा अवस्थेत क्ष-किरण विभागापर्यंत तो चालत गेला आणि नळीचे टोक हृदयात असल्याचे छायाचित्र काढून घेतले. त्याचा लेख त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. शेजारी सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ पासून उभे होते. लहान मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय असावे, मूल म्हणजे केवळ लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हा विचार मराठी मुलखात विटा-दगडांच्या रूपाने आला तो हा.

आणि कडा? कडा त्या वर्षी निजामाच्या राज्यात होते. पलीकडचा नगर जिल्हा इंग्रजी मुलखात, अलीकडचा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात. माणसे सोयरिकी आणि बाजारहाट दोन्हींकडे करीत, पण राज्ये दोन होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हीच स्थिती राहिली. पुढे मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९७०च्या दशकात बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला आणखी एक झाले. पण अंबाजोगाई जिल्ह्याच्या त्या टोकाला आणि कडा ह्या टोकाला. कड्याच्या माणसाचा पाय आजारपणात वळतो तो नगरकडेच.

एबर्सवाल्डे, परळ आणि कडा ही तीन ठिकाणे १९२९ साली परस्परांना अनोळखी होती. त्यांची गाठ पडायला किती वर्षे लागली, हाच ह्या इतिहासातला खरा प्रश्न आहे असे आम्हांला वाटते.

०००

फोर्समानची कथा वैद्यकाच्या इतिहासात फार लाडकी आहे. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. शस्त्रक्रियेची उपकरणे ज्यांच्या ताब्यात होती त्या गेर्डा डिट्झेन ह्या परिचारिकेला त्याने विश्वासात घेतले. प्रयोग माझ्यावर करा असे ती म्हणाली. त्याने तिला टेबलाला बांधून ठेवले आणि नळी मात्र स्वतःच्याच शिरेत घातली. क्ष-किरण विभागात धावत आलेल्या मित्राने ती उपसून काढायचा प्रयत्न केला. एखाद्या नाटकाचा अंक शोभावा असा हा प्रसंग. पण तो कुठून येतो? फोर्समानने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातून. १९२९ च्या मूळ लेखात ही परिचारिका नाही. तेथे आधी एका सहकाऱ्याच्या मदतीने अर्धवट सोडलेला प्रयोग येतो आणि आठवडाभराने एकट्याने केलेला दुसरा प्रयोग येतो. एकाच माणसाने एकाच घटनेची दोन कथने केली आहेत. शास्त्रीय लेखाला साहस लपवायचे असते, आत्मचरित्राला ते मांडायचे असते. आत्मचरित्राच्या विद्यार्थ्याला ह्यात नवल वाटणार नाही. परंतु गेर्डा डिट्झेन ह्या बाईंनी स्वतः ही हकीकत कशी सांगितली असती, हे विचारल्यावाचून आपल्याला पुढे जाता येत नाही. स्वतःचे शरीर देऊ करणारी ती, आणि कथेत तिच्या वाट्याला आले ते टेबलाला बांधले जाणे.

नायकाची पुढची वाटही सरळ नाही. हृदयाच्या क्षेत्रात त्याला थारा मिळाला नाही, तो मूत्ररोगतज्ज्ञ झाला. १९३२ मध्ये तो नाझी पक्षाचा सभासद झाला होता. न्यूयॉर्कला आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी १९४० नंतर त्याची नळी पद्धतशीर मोजमापासाठी वापरली, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून मिळाले. शोधाचे मोल मान्य करतानाही शोधकाचे चरित्र झाकून ठेवायचे कारण नाही. शूर माणूस सर्वच ठिकाणी शूर निघतो असे नाही.

०००

नळी मोठ्यांच्या हृदयातून मुलांच्या हृदयात आली, तिला कारण झाली एक शस्त्रक्रिया. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग ह्या बालहृदयरोगतज्ज्ञ 'निळ्या बाळां'वर काम करीत. ह्या बाळांच्या शरीरात फुप्फुसांकडे पुरेसे रक्त जात नाही, अशुद्ध रक्त तसेच अंगभर फिरते, म्हणून ओठ आणि नखे निळी पडतात. टॉसिगबाईंना ऐकू कमी येत असे. हृदयाचे ठोके कानांनी नीट ऐकू येत नाहीत म्हणून त्या बाळाच्या छातीवर बोटे ठेवून ते ओळखीत. फुप्फुसांकडे रक्त नेणारी नवी वाट शस्त्रक्रियेने जोडून देता येईल ही कल्पना त्यांची. शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लेलॉक. आणि कुत्र्यांवर प्रयोग करून ती शस्त्रक्रिया प्रत्यक्षात बसवणारे हात होते व्हिव्हियन थॉमस ह्या कृष्णवर्णीय साहाय्यकाचे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन सॅक्सन ह्या सव्वा वर्षाच्या मुलीवर ती झाली. तिचे वजन चार किलोंच्या आसपास होते. थॉमस ब्लेलॉकच्या मागे उभे राहून सूचना देत होते. आयलीन सुधारली, काही महिन्यांनी पुन्हा निळी पडू लागली, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. पण वाट उघडली होती. थॉमस यांना त्याच विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली.

शस्त्रक्रिया शक्य झाली, तशी आतला दोष नेमका कोणता हे आधीच कळणे निकडीचे झाले. चुकीच्या बाळावर हीच शस्त्रक्रिया केली तर ते मरणार. येथे नळीचे काम सुरू झाले.

ती काय करते, हे सांगायला फारसे शास्त्र लागत नाही. हृदयाला चार कप्पे. उजवीकडचे दोन अंगभर फिरून आलेले, प्राणवायू संपत आलेले रक्त फुप्फुसांकडे धाडतात. डावीकडचे दोन फुप्फुसांतून ताजे झालेले रक्त अंगभर धाडतात. मधे पडदा. निरोगी माणसात उजवीकडच्या रक्ताची प्राणवायूची संपृक्तता ७० ते ७५ टक्क्यांच्या घरात असते, डावीकडे ती ९५ टक्क्यांच्या पुढे. आता नळी उजवीकडच्या एकेका कप्प्यातून रक्ताचा थेंब आणते. एखाद्या कप्प्यात शिरताच हा आकडा एकदम वाढला, तर तेथे डावीकडचे ताजे रक्त झिरपते आहे, म्हणजे तेथे पडद्याला भोक आहे. नळीचे दुसरे टोक दाब मोजणाऱ्या यंत्राला जोडले की कुठली झडप अरुंद आहे ते कळते. नळीतून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडले की रक्ताची सारी वाट पडद्यावर उमटते. विहिरीत पोहरा सोडून कुठल्या बाजूला झरा आहे ते पाण्याच्या थंडाव्यावरून ओळखावे, तसे हे काम. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी शीर कापून उघडी न करता, सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती काढली, आणि हे सारे पुष्कळ सोपे झाले.

ही विद्या भारतात आली तिच्या वाटेवर टॉसिगबाईंचाही हात आहे. ब्रह्मदेशात जन्मलेल्या डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती युद्धात तेथून भारतात आल्या, इंग्लंडात शिकल्या, बाल्टिमोरला टॉसिगबाईंकडे आणि हार्वर्डला पॉल डडली व्हाइट यांच्याकडे त्यांनी काम केले, आणि १९५४ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात उत्तर भारतातील पहिली कॅथेटरायझेशन प्रयोगशाळा उभारली. २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी, करोनाने त्या गेल्या. महाराष्ट्रात परळचे केईएम हे ह्या विद्येचे माहेर ठरले. तेथील हृदयविकार विभागामागे डॉ. के. के. दाते यांचे नाव आहे, तर शल्यविभागात डॉ. प्रफुल्लकुमार सेन होते. भारतातले पहिले हृदयरोपण सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये तेथेच केले. तो रुग्ण काही तासच जगला. पण त्या एका दिवसाआड शेकडो साधे दिवस असतात. रक्ताचे थेंब तपासायचे, दाबाचे आलेख वाचायचे, आणि ह्या मुलाला शस्त्रक्रिया झेपेल की नाही ते ठरवायचे. त्या दिवसांचा इतिहास कुणी लिहीत नाही.

०००

१९६६ मध्ये ह्या कथेने वळण घेतले. फिलाडेल्फियाचे विल्यम रॅशकिंड यांच्यापुढे असलेला दोष असा होता, की हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची जन्मतःच अदलाबदल झालेली. अशुद्ध रक्त अंगभर फिरून पुन्हा अंगभरच जाते, शुद्ध रक्त फुप्फुसांतून येऊन पुन्हा फुप्फुसांकडेच जाते. दोन गोल, एकमेकांना न शिवणारे. अशी बहुतेक बाळे वर्षाच्या आत जात. गर्भात फुप्फुसे काम करीत नसतात म्हणून निसर्गाने वरच्या दोन कप्प्यांमधे एक लहान दार ठेवलेले असते; जन्मानंतर ते मिटते. रॅशकिंड यांनी टोकाला मिटलेला फुगा असलेली नळी ते दार पुरते मिटण्याआधी त्यातून पलीकडे नेली, फुगा फुगवला आणि झटक्याने मागे ओढला. पडदा फाटला, दोन्ही रक्ते मिसळू लागली, आणि निळे बाळ टेबलावरच गुलाबी होऊ लागले. छाती उघडावी लागली नाही. मोठी शस्त्रक्रिया होईपर्यंत बाळाला तगून राहता येऊ लागले. काळजाला घर पडणे ही आपल्या भाषेतली आपत्ती. येथे ते घर मुद्दाम पाडले म्हणून जीव वाचला.

आतापर्यंत पाहणारी नळी ह्यापुढे दुरुस्त करणारी झाली. १९६७ मध्ये बर्लिनच्या पोर्स्टमान यांनी जन्मानंतर न मिटलेली धमनीवाहिनी नळीवाटे बोळा बसवून बंद केली. १९७०च्या दशकाच्या मध्याला किंग आणि मिल्स यांनी वरच्या पडद्यातले भोक तशाच रीतीने बुजवले. १९८२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या जीन कॅन यांनी आठ वर्षांच्या एका बालकाची फुप्फुस-धमनीची अरुंद झडप फुग्याने रुंद केल्याचे प्रसिद्ध झाले. मग कुर्त अँप्लाट्झ यांनी निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या तारांची जाळी विणली. ह्या धातूला स्वतःचा आकार आठवतो. जाळी ओढून लांब केली की ती नळीत मावते. भोकापाशी नेऊन सोडली की पडद्याच्या दोन्ही बाजूंना चकतीसारखी उमलते आणि जागच्या जागी बसते. माणसातील वापराचे पहिले निष्कर्ष १९९७ मध्ये आले. दरम्यान ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढणारी इकोकार्डिओग्राफी रूढ झाली होती. निव्वळ निदानासाठी नळी घालण्याची वेळ क्वचित येऊ लागली. पाहण्याचे काम बव्हंशी इकोने घेतले आणि नळीकडे मुख्यतः दुरुस्ती उरली.

आपल्याकडचे डॉक्टर ह्या जाळीला 'छत्री' म्हणतात, कुणी 'बटण' म्हणतात. 'भोकाला छत्री बसवली' हे वाक्य कोशात नाही, पण रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या आजीला ते एका क्षणात समजते. परिभाषा समित्यांनी घडवलेल्या शब्दांची आपण वर्गात चर्चा करतो. एखाद्या गडबडीच्या सकाळी घाबरलेल्या आईबापांना समजावताना जे शब्द घडतात, त्यांचीही कधी करावी.

०००

आता कड्याकडे येऊ.

जिवंत जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे आठ ते नऊ मुलांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. हे प्रमाण जगभर साधारण सारखेच. कडा त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. भारतात अशी दोन लाखांच्या आसपास मुले दरवर्षी जन्मतात असा अंदाज केला जातो. म्हणजे निजामाच्या काळातही ती कड्यात जन्मत होती. फक्त त्यांना हे नाव नव्हते. दूध ओढता ओढता थांबणारे, दमणारे, कपाळाला घाम येणारे बाळ. बाळसे न धरणारे. वारंवार छाती भरून येणारे. त्याला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळीत, डबा झाला म्हणून पोटाला चटके देत. खेळता खेळता मधेच उकिडवे बसणारे, रडले की ओठ निळे पडणारे पोर. उकिडवे बसल्याने त्याला बरे वाटते. हा उपाय ते स्वतःच शोधून काढते, कुणी शिकवलेला नसतो. आडगावी मेलेल्या अशा मुलांची नोंद 'अशक्तपणाने गेले' एवढीच.

महाराष्ट्रात ह्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता अलीकडे बांधला गेला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला मोठ्या उपचारांचा खर्च त्यातून मिळू लागला. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासायचे असते. पथकातला डॉक्टर मुलाच्या छातीला नळी लावतो. सुरसुर ऐकू आली की कागदावर खूण होते, पुढे इकोची तपासणी, मग पुण्या-मुंबईच्या रुग्णालयाची तारीख. फोर्समानची ६५ सेंटिमीटरची नळी कड्याच्या मुलापर्यंत यायला ही दुसरी, रबराची, दोन कानांची नळी आधी यावी लागली.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली आणि तिच्यावर कड्याचे स्थानक आले. १७ सप्टेंबर २०२५ पासून ती बीडपर्यंत जाते. नगरचे नाव आता अहिल्यानगर. म्हणजे राज्यांची सरहद्द गेली, रस्ता झाला, रूळ आले, खर्चाची सोय झाली. मग अडले कुठे?

ह्याचे उत्तर बीड जिल्ह्यात ऊसतोडीत शोधावे लागते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडेपर्यंत कोयता थांबू शकत नाही. तान्हे मूल बरोबरच असते, फडाच्या बांधावर वा कोपीत. पथक अंगणवाडीत येते तेव्हा पटावर नाव आहे आणि मूल नाही, असे होऊ शकते. तपासणीची सारी रचना मूल स्वतःच्या गावात राहते असे गृहीत धरून केलेली. ह्या जिल्ह्यातल्या पुष्कळ मुलांचे वर्षाचे सहा महिने हे गृहीतक खोटे असते. आणि तारीख मिळाली तरी हंगाम मोडून रुग्णालयात बसायचे म्हणजे उचल अंगावर राहायची. आईबापांना मुलाची काळजी नाही असे जे सहज बोलले जाते, ते बोलणाऱ्याने उचलीचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

उशिराची किंमत हृदय वसूल करते, आणि तीही मोजून. खालच्या पडद्यात मोठे भोक असेल तर डावीकडच्या जोराचे रक्त उजवीकडे घुसते आणि फुप्फुसांच्या कोवळ्या वाहिन्यांवर रात्रंदिवस आदळत राहते. पहिल्या एक-दोन वर्षांत ते बंद केले तर वाहिन्या सावरतात. नाही केले, तर त्या हळूहळू जाड आणि कठीण होतात, त्यांतला दाब चढतो, आणि एक वेळ अशी येते की तो अंगाच्या दाबालाही मागे टाकतो. प्रवाह उलटतो, मूल निळे पडू लागते. त्यानंतर भोक बुजवणे घातक. कारण तेच आता चढलेल्या दाबाला वाट देत असते. वर्षभरापूर्वी जो उपचार होता, तोच आता मृत्यू. ह्या दोन स्थितींच्या सीमेवर मूल कुठे आहे, हे इकोला दरवेळी खात्रीने सांगता येत नाही. तेथे आजही नळीच घालावी लागते. ती फुप्फुसांतला दाब मोजते, रोध मोजते, प्राणवायू दिल्यावर तो उतरतो का ते पाहते, आणि मग निकाल मिळतो. अजून वेळ आहे, किंवा वेळ निघून गेली.

ह्या नळीच्या आकड्याकडे आम्ही पाहतो तेव्हा तो केवळ रक्ताचा दाब वाटत नाही. ते मूल येथे पोहोचायला किती उशीर झाला, त्याचे ते माप आहे. न झालेली तपासणी, चुकलेली तारीख, न फिटलेली उचल, 'थोरला झाला की होईल नीट' असे कुणी दिलेले आश्वासन, हे सारे त्या आकड्यात जमा असते. यंत्र ते मिलिमीटर पाऱ्याच्या भाषेत सांगते, आणि डॉक्टर ते आईबापांना सांगतो तेव्हा त्यातले काहीच सांगता येत नाही. तो एवढेच म्हणतो, आधी यायला हवे होते. सांगणारा खोटे बोलत नाही. पण आधी म्हणजे केव्हा, आणि कसे, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या तोंडीच राहतो.

०००

नळीचा इतिहास नायकांच्या माळेने सांगितला की तो एबर्सवाल्डे, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया असा पुढे पुढे जातो आणि छत्रीपाशी सुखाने संपतो. कड्याहून पाहिले तर १९२९ ते १९९७ हा त्याचा अर्धाच भाग. हृदयापर्यंतची वाट त्यात सापडली. मुलापर्यंतची वाट २०१२-१३ च्या सुमाराला सुरू झाली आणि ती अजून पुरती झालेली नाही. पहिल्या भागाला नोबेल आहे. दुसऱ्या भागाच्या मानकऱ्यांत घरोघर जाणारी आशाताई आहे, पटावरचे गैरहजर नाव पाहून 'हे कुठल्या कारखान्यावर गेले' असे विचारून फोन लावणारी अंगणवाडीताई आहे, फडातून एक रात्र प्रवास करून तारखेला हजर राहणारा बाप आहे. गेर्डा डिट्झेन जशी लेखातून गळली आणि आत्मचरित्रात बांधलेल्या अवस्थेत आली, तशी ही माणसे अहवालातून गळतात आणि एखाद्या सत्काराच्या बातमीत हार घातलेल्या अवस्थेत येतात. त्यांनी नेमके काय केले, ते त्यांच्याच शब्दांत कुणी लिहून घेतलेले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ह्यात करण्याजोगे काम आहे असे आम्हांला वाटते. ऊसतोड कामगारांच्या जगण्यावर मराठीत कथा-कादंबऱ्या आणि आत्मकथने आलेली आहेत, रुग्णालयांवरही आहे. कोपीतून कॅथ लॅबच्या दारापर्यंतचा हा मधला प्रवास मात्र अजून बोलण्यातच आहे. छत्री बसवून परत आलेल्या मुलाची आई तो सांगते तेव्हा ती कुठे थांबते, कोणते शब्द वापरते, कोणाचे नाव घेते आणि कोणाचे घेत नाही, हे ऐकून उतरवून घ्यायला वही आणि वेळ एवढेच लागते. आष्टी तालुक्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या भाषा विभागाला ते जमण्यासारखे आहे.

पुढच्या दसऱ्याला टोळ्या पुन्हा निघतील. त्याआधी, पावसाळ्यात, माणसे गावातच असतात. पथकाने यायचे ते तेव्हा, आणि वही घेऊन बसायचे तेही तेव्हाच.